रात्री दोन वाजता उठणारं ‘पित्त’ आणि घोट्याला चावलेली गोचीड

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई नॉर्थ कॅरोलिनात रॅलीजवळ राहतात. यजमान 44 वर्षांचे, तब्येत ठणठणीत. गेल्या ऑगस्टपासून चार वेळा ते रात्री एक-दोनच्या सुमारास झोपेतून उठले. आधी तळहात-तळपाय खाजतात, मग अंगभर गांधी. एकदा पोटात असा मुरडा आला की बाथरूममध्येच भोवळ आली. इमर्जन्सीत स्टिरॉइड देऊन घरी पाठवलं. शेंगदाणे, मासे, कोळंबी, अंडी या सगळ्यांच्या अ‍ॅलर्जी चाचण्या निगेटिव्ह. ऑनलाइन मागवलेल्या ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ चाचणीत मात्र 31 पदार्थ लाल. सासूबाई म्हणतात पित्त आहे, आमसुलाचं पाणी लावा. मटणाचा संशय होता, पण मध्ये दोनदा मटण खाऊन काहीच झालं नाही, आणि चौथ्या वेळी तर फक्त चिकन सॉसेज खाल्लं होतं. मग आहे काय हे? आणि शेवटी एक ओळ: गटारीला मटण करू की नको?

ताई, मी तुमच्या यजमानांना तपासलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं अंदाज म्हणून वाचा. पण अ‍ॅलर्जीच्या दवाखान्यात वीसेक वर्षं बसल्यावर काही पत्रं वाचतानाच हात टेबलावर थबकतो. ‘नॉर्थ कॅरोलिना’, ‘ऑगस्ट’ आणि ‘रात्री दोन’ हे तीन शब्द एका परिच्छेदात आले की मी पहिला प्रश्न जेवणाचा विचारत नाही. विचारतो, जुलै-ऑगस्टमध्ये रानात, ट्रेलवर किंवा घरामागच्या उंच गवतात गेले होते का? घोट्याला, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली काही चावलं होतं का? आणि ते चावलेलं दोन-तीन आठवडे खाजत राहिलं होतं का?

उत्तर ‘हो’ असेल, तर माझा पहिला संशय अल्फा-गॅल सिंड्रोमवर. सोप्या मराठीत सांगायचं तर गोचिडीच्या चाव्यातून लागलेली मटणाची अ‍ॅलर्जी. ऐकायला थाप वाटते. मलाही वाटली होती.

आधी सासूबाईंचं बोलू, कारण त्यांचं अर्धं बरोबर आहे. आपल्या भाषेत अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठलं’ म्हणतात आणि छातीत जळजळलं तरी ‘पित्त झालं’ म्हणतात. शब्द एक, भानगडी दोन. घरातला माणूस मग आपोआप पोटाकडे बघतो: रात्री उशिरा जेवला, तिखट खाल्लं, जागरण झालं. आमसुलाच्या पाण्यानं खाज थोडी थंडावते, लावायला हरकत नाही. पण गांधींसोबत पोटात मुरडा आणि भोवळ आली, म्हणजे रक्तदाब खाली गेला असण्याची शक्यता आहे. अशा जिवावर बेतू शकणाऱ्या झटक्याला आम्ही अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतो. ते आमसुलाच्या हातातलं काम नाही.

आता त्या 31 लाल पदार्थांविषयी. यादीत गहू, दूध, तूरडाळ, मोहरी, लसूण आहेत असं तुम्ही लिहिलंय. ती चाचणी आयजीजी नावाच्या अँटिबॉडी मोजते. आपण जे रोज खातो, त्याच्याविरुद्ध आयजीजी शरीरात सापडतंच, आणि बहुतेकदा ती त्या पदार्थाची सवय झाल्याची खूण असते. अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी वेगळी, तिला आयजीई म्हणतात. ही आयजीजी यादी म्हणजे तुमच्या स्वयंपाकघराचं हजेरीपुस्तक आहे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ अ‍ॅलर्जी, अ‍ॅस्थमा अँड इम्युनॉलॉजी ही आमची संस्था अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी ही चाचणी करू नका असं स्पष्ट सांगते. पैसे गेले ते गेले, पण त्या कागदावर विसंबून वरण-पोळी बंद करू नका.

मग निगेटिव्ह आलेल्या खऱ्या चाचण्यांचं काय? त्या खोट्या नाहीत. शेंगदाणे, मासे, अंडी यांना विचारलं, त्यांनी ‘आम्ही नाही’ म्हणून सांगितलं. खऱ्या गुन्हेगाराला कुणी विचारलंच नाही, कारण इमर्जन्सीतला ठरलेला प्रश्न असतो, “गेल्या तास-दोन तासांत काय खाल्लंत?” नेहमीची अन्नाची अ‍ॅलर्जी काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. रात्री दोनला या प्रश्नाचं उत्तर काय येणार? “पाणी प्यायलो होतो, डॉक्टर.” जेवण नऊला झालेलं असतं, ते कुणाच्या हिशेबातच येत नाही.

हा पाच तासांचा घोळ कसा उलगडला, ती हकिगत मला सांगायलाच हवी. आमच्या विषयात इतकी वाकडी वाट क्वचितच कुणी चालली असेल, आणि ती तुमच्याच भागातून गेलेली आहे.

सेटुक्सिमॅब नावाचं कॅन्सरचं औषध आहे. आतड्याच्या आणि डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी ते शिरेतून देतात. देशभरात तीव्र अ‍ॅलर्जीचं प्रमाण तीन टक्क्यांहून कमी असताना टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या डॉक्टरांना ते बावीस टक्के दिसू लागलं. 2007 मध्ये त्यांनी ते छापलं. औषध तेच, पण पाचात एक रुग्ण पहिल्याच डोसला कोसळतोय. पहिलाच डोस, हे महत्त्वाचं. आयजीईची अ‍ॅलर्जी व्हायला शरीरानं ती वस्तू आधी कुठेतरी पाहिलेली असावी लागते. या लोकांनी हे औषध आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

2008 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या गटानं रक्ताचे जुने नमुने तपासले. टेनेसीतल्या, हे औषध कधीच न घेतलेल्या 72 लोकांपैकी 15 जणांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध आयजीई तयार बसलेलं होतं. बॉस्टनच्या 341 जणांत फक्त दोघांच्या. औषध उंदराच्या पेशींत बनवत आणि त्या पेशी त्याला एक साखर चिकटवत. ती साखर म्हणजे गॅलॅक्टोज-अल्फा-1,3-गॅलॅक्टोज, थोडक्यात अल्फा-गॅल. गाय, बकरी, डुक्कर, मेंढी, हरीण, बहुतेक सगळ्या सस्तन प्राण्यांत ती असते. माणसात आणि त्याच्या जवळच्या वानरकुळात मात्र नसते, कारण ती बनवणारं जनुक आपल्या पूर्वजांत दोन-तीन कोटी वर्षांपूर्वी निकामी झालं. डुकराचं हृदय किंवा मूत्रपिंड माणसाला बसवताना पहिली आडवी येते ती हीच साखर. म्हणून त्या प्रयोगांतल्या डुकरांतून तिचं जनुक आधी काढून टाकतात.

आता कोडं असं की टेनेसीच्या लोकांना या साखरेची अ‍ॅलर्जी दिली कुणी? ज्या भागात औषधाच्या प्रतिक्रिया जास्त, तो नकाशा रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर या तापाच्या नकाशाशी जुळला. तो ताप गोचिडीमुळे पसरतो. त्याच सुमारास व्हर्जिनियातल्या दवाखान्यात लोक सांगू लागले होते की बीफ किंवा पोर्क खाल्ल्यावर तीन ते सहा तासांनी अंगावर उठतं. 2009 मध्ये अशा 24 रुग्णांची नोंद स्कॉट कॉमिन्स आणि प्लॅट्स-मिल्स यांनी छापली. तिकडे सिडनीत शेरिल व्हॅन न्यूनेन या डॉक्टरांना दुसऱ्या टोकाकडून हेच दिसत होतं: मांसाची अ‍ॅलर्जी असलेल्या 25 पैकी 24 जणांना आधी गोचीड चावून मोठी सूज आलेली होती. तिथली गोचीड वेगळ्या जातीची, पण उपद्व्याप तोच.

तोवर खुद्द प्लॅट्स-मिल्सना हे होऊन गेलं होतं. 2007 च्या उन्हाळ्यात ते डोंगरात फिरायला गेले आणि गोचिडीच्या शेकडो पिलांनी त्यांच्या पायांवर ताव मारला. स्वतःच्या रक्तातलं आयजीई ते आधीपासूनच मोजत होते. ते चढताना त्यांनी पाहिलं. काही महिन्यांनी इंग्लंडमध्ये कोकराच्या चापा खाल्ल्या आणि सुमारे सहा तासांनी, मध्यरात्री, अंगभर गांधी. तरुणपणी मी ही गोष्ट ऐकली तेव्हा हसलो होतो. नंतर वाटलं, एवढा काटेकोर पुरावा आपल्याच कातडीवर मिळणं हेही नशीबच.

सगळ्यात बोलका भाग पुढे आहे. तीच साखर, तोच माणूस, तीच अँटिबॉडी. पण शिरेतून औषध गेलं तर काही मिनिटांत प्रतिक्रिया आणि ताटातून मांस गेलं तर काही तासांनी. म्हणजे उशीर अँटिबॉडीकडून होत नाही, वाटेत होतो. आजचा सर्वांत पटणारा तर्क असा की चरबीला जोडलेली अल्फा-गॅल चरबीबरोबरच सावकाश पचते, लसीकेतून (लिम्फमधून) फिरून मग रक्तात येते. 2014 मध्ये कॉमिन्स यांनी रुग्णांना देखरेखीखाली मांस खायला घालून दर काही वेळानं रक्त तपासलं. बारापैकी दहा जणांना प्रतिक्रिया आली, बहुतेकांना तीन ते सात तासांच्या दरम्यान, आणि रक्तातल्या अ‍ॅलर्जीच्या पेशीही त्याच सुमाराला जाग्या झालेल्या दिसल्या.

म्हणूनच, ताई, ‘मध्ये दोनदा मटण खाऊन काही झालं नाही’ यानं मटण सुटत नाही. उलट माझा संशय वाढतो. त्या दोन वेळचं मटण कसलं होतं? मांडीचं, बिनचरबीचं, दोन फोडी? आणि ज्या रात्री उठलं तेव्हा? पाया, चरबीदार चाप, खिमा, बार्बेक्यूवरच्या रिब्स? चरबी जास्त तेवढा धोका जास्त. गुर्दा-कलेजी-वजडी तर आणखी त्रास देते, गुर्द्यात ही साखर फार असते. सोबत बियर-वाइन झाली होती का, दुखण्याची गोळी घेतली होती का, जेवणानंतर बॅडमिंटन खेळायला गेले होते का, हेही विचारा. दारू, व्यायाम आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या उंबरठा खाली आणतात. एरवी खपून गेलं असतं ते त्या रात्री खपत नाही.

आणि ते चिकन सॉसेज! पाकीट अजून फ्रीजरमध्ये असेल तर काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. आत कोंबडी असली तरी बाहेरचं वेष्टण पुष्कळदा डुकराच्या आतड्याचं असतं. ‘पोर्क केसिंग’ लिहिलेलं सापडलं तर चौथी रात्रही त्याच हिशेबात बसते.

मी स्वतः एक रुग्ण असाच हातचा घालवला आहे. गृहस्थ निवृत्त, बोलायला गोड, रात्री गांधी उठतात म्हणून आले. मी नेहमीच्या चाचण्या केल्या, मांसाच्या अर्काची त्वचा-चाचणीही केली. दोन-तीन मिलिमीटरची फुगवटी आली, मी ती सोडून दिली. बाजारात मिळणाऱ्या अर्कांनी या रोगात फुगवटी अशीच फुसकी येते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. ‘कारण न सापडणारी शीतपित्ताची तक्रार’ असं लिहून रोजची अ‍ॅलर्जीची गोळी दिली. वर्षाने ते परत आले. सहज पाय तपासायला मोजा खाली केला, तर मोज्याच्या इलॅस्टिकची रेघ उमटली होती आणि नेमक्या त्या रेघेवर ओळीनं चार तांबूस गाठी, प्रत्येकीच्या मधोमध खपली. “हे कधीचं?” “महिना झाला, खाज जात नाही.” पहिल्या भेटीत मी त्यांचे बूट काढायला लावले नव्हते. आता प्रत्येकाचे लावतो.

मी एकटाच असा नाही, ही काही फुशारकी नव्हे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं 2023 मध्ये दीड हजार डॉक्टर-नर्सना विचारलं, तर 42 टक्क्यांनी या रोगाचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्याच वेळच्या अंदाजानुसार 2010 ते 2022 मध्ये एक लाख दहा हजार संशयित रुग्ण सापडले, आणि न सापडलेले धरले तर आकडा साडेचार लाखांपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा इमर्जन्सीतल्या डॉक्टरांवर रागावू नका, पुढच्या वेळी त्यांना नाव सांगा.

आता करायचं काय ते सांगतो. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे जा आणि ‘अल्फा-गॅल आयजीई’ ही रक्तचाचणी नाव घेऊन मागा. साधी चाचणी आहे, उपाशी राहावं लागत नाही. निकाल 0.1 च्या वर असेल तर पॉझिटिव्ह धरतात. पण इथे एक खोच आहे. नुसता आकडा म्हणजे रोग नव्हे. जर्मनीत वनकर्मचारी आणि शिकारी यांच्या तपासणीत सुमारे एक तृतीयांश लोकांच्या रक्तात हे आयजीई सापडलं, आणि त्यातले बहुतेक जण खुशाल सॉसेज खात होते. आकड्यावरून किती जोरात होईल हेही कळत नाही. आकडा, घड्याळ आणि मांस बंद केल्यावर पडणारा फरक, तिन्ही जुळले तरच निदान. म्हणून तज्ज्ञांकडे जाताना चारही रात्रींचा कागद लिहून न्या: काय खाल्लं, किती वाजता, किती वाजता जाग आली, आधी काय प्यायलं, त्या महिन्यात रानात गेलो होतो का. तुमच्या पत्रात यातलं निम्मं आहेच, माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ रेफरल चिठ्ठ्यांत तेही नसतं. आणि पुन्हा इमर्जन्सीत जायची वेळ आली, तर पहिल्या काही तासांत रक्तातलं ट्रिप्टेज (प्रतिक्रियेत अ‍ॅलर्जीच्या पेशी सोडतात ते द्रव्य) तपासायला सांगा, ते नंतर उतरतं.

तोवर बकरी, मेंढी, गाय, डुक्कर, हरीण बंद. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बकरा आणि इथल्या दुकानात कोकरू, या बाबतीत दोघंही सारखेच. कोंबडी, टर्की, बदक, मासे, कोळंबी, खेकडे, अंडी चालतात. पक्ष्यांत आणि माशांत ही साखर नसते. दूध-दही लगेच बंद करू नका. बहुतेकांना ते चालतं. मांस पूर्ण सोडूनही त्रास राहिला तर मग दुधाचा विचार, आणि तोही तज्ज्ञांना विचारून. जिलेटिनकडे मात्र लक्ष असू द्या: मार्शमेलो, मुलांच्या गमीज, औषधांच्या कॅप्सूल. सगळ्यांना बाधत नाही, काहींना बाधतं. यजमानांचं कधी ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. रक्त गोठू न देणारं हेपारिन डुकराच्या आतड्यातून काढतात, हृदयाच्या काही कृत्रिम झडपा गाय-डुकराच्या असतात.

एपिनेफ्रिनचं पेन (स्वतःच टोचायचं तातडीचं इंजेक्शन) लिहून घ्या, दोन नग, आणि एक उशाशी ठेवा. दिवसा ऑफिसच्या बॅगेत असलेलं पेन रात्री दोनला कामाचं नाही. गांधी अधिक भोवळ, गांधी अधिक उलट्या-जुलाब, किंवा श्वास लागला, तर आधी पेन मांडीत, मग 911. अ‍ॅलर्जीची गोळी खाज घालवते, रक्तदाब वर आणत नाही. भारतात सुट्टीवर जाताना पेनं इथूनच न्या.

पोटाचा मुद्दा मी मुद्दाम पुन्हा काढतो. काही रुग्णांना गांधी येतच नाहीत. मध्यरात्री नुसता पोटात गोळा, उलट्या, जुलाब. दुसऱ्या दिवशी ‘बाहेरचं बाधलं’ म्हणून विषय संपतो. 2024 मध्ये न्यू जर्सीत एक निरोगी, मध्यमवयीन गृहस्थ हॅम्बर्गर खाल्ल्यानंतर काही तासांत गेले. दोनच आठवड्यांपूर्वी स्टेक खाऊन मध्यरात्री त्यांचं पोट भयानक दुखलं होतं, सकाळी बरं वाटलं म्हणून डॉक्टरकडे गेले नाहीत. शवविच्छेदनात कारण सापडलं नाही. नंतर त्यांचं साठवलेलं रक्त व्हर्जिनियात तपासलं तेव्हा अल्फा-गॅलविरुद्धचं आयजीई निघालं. मृत्यू फार फार दुर्मिळ आहेत, घाबरवायला सांगत नाही. पण बाथरूममधल्या त्या भोवळीला तुम्ही पत्रात अर्धीच ओळ दिली आहे. माझ्या लेखी ती सगळ्यात मोठी ओळ आहे.

हे बरं होतं का, असं तुम्ही विचारलं नाही, पण यजमान विचारतीलच. पुन्हा गोचीड चावली नाही तर बऱ्याच जणांचं आयजीई हळूहळू उतरतं आणि काही वर्षांनी काहींना पुन्हा मटण खाता येतं. पुन्हा चावली की आकडा परत वर. म्हणून खरं औषध पायांत आहे. ट्रेलवर जाताना पँट मोज्यात खोचा, बूट आणि कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारा (कपड्यांवर, अंगावर नव्हे), घरी आल्यावर कपडे गरम ड्रायरमध्ये आणि अंगभर नजर. तुमच्या भागातली ती लोन स्टार गोचीड, मादीच्या पाठीवर एकच पांढरा ठिपका असतो. पण उन्हाळ्याच्या शेवटी निघणारी पिलं खसखशीएवढी असतात, ठिपका शोधत बसलात तर दिसायची नाहीत. सासूबाईंना ‘गोचीड गुरांना लागते, माणसांना नाही’ असं वाटत असेल, तर त्यांना दोडामार्गकडच्या कुणाला तरी विचारायला सांगा. सिंधुदुर्गातला माकडताप गोचिडीच पसरवतात. तो विषाणू, याच्याशी संबंध नाही, पण गोचीड माणसाला चावते एवढं तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

जाता जाता, यजमानांचा रक्तगट बी आहे असं तुम्ही सहज लिहिलंय. गंमत म्हणजे बी गटाची साखर अल्फा-गॅलसारखीच दिसते, त्यामुळे बी वाल्यांना ही अ‍ॅलर्जी कमी होते असं बऱ्याच अभ्यासांत आढळलं आहे. कमी होते, होतच नाही असं नाही. चाचणी टाळायला हे कारण पुरणार नाही.

राहिली गटारी. तुम्हाला आणि मुलांना मटण करा, हरकत नाही. पण रस्सा ढवळलेला चमचा त्यांच्या पातेल्यात जाऊ देऊ नका, आणि ‘नुसता रस्सा घेतो, फोडी नको’ ही तडजोड मुळीच मान्य करू नका, चरबी सगळी रश्श्यातच उतरलेली असते. त्यांच्यासाठी सुरमई तळा. कोंबडी-वडेही चालतील.